उंदीर मेला, आता पिसू कुठे जाणार?

परवा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर ठराव झाला: मागच्या बंद गोदामात उंदीर माजलेत, रविवारी औषध घालायचं. पटापट अंगठे आले. अंगठा दिला नाही तो एकट्या अण्णांनी. अण्णा मुकाट बसले म्हणजे त्यामागे काहीतरी असणार हे सगळ्यांना ठाऊक, पण विचारायला जाणार कोण? अण्णांना एक प्रश्न विचारला की गॅसवरची भाजी करपते, असा त्यांचा लौकिक. माझी भाजी उतरून झाली होती, म्हणून मी कुंपणापाशी गेले.

आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये कोयनेलचं कुंपण आहे, कमरेइतकं. ते छाटायचं कुणी, यावरून मागे एकदा अबोलाही होऊन गेलाय. पण ते असो.

"काय अण्णा, उंदरांची दया आली वाटतं?"

"उंदरांची कशाला येईल? तुमचीच आली," हातातला पाइप जास्वंदीच्या बुंध्याशी टाकत अण्णा म्हणाले. "उंदीर मारणार, ठीक. त्याच्या अंगावरच्या पिसवा मग कुठे जाणार, याचा ठराव झालाय का?"

झालं. मी मनाशी म्हटलं, बसा आता.

अण्णा आरोग्य खात्यात कीटक समाहारक होते. म्हणजे सरकारी पगारावर गावोगाव हिंडायचं, डास, पिसवा, गोचिड्या गोळा करायच्या, बाटलीत भरायच्या आणि चिठ्ठी लावून प्रयोगशाळेत धाडायच्या. वहिनी अजून सांगतात, "स्थळ आलं तेव्हा आमच्या दादांना वाटलं, आरोग्य खातं म्हणजे निदान कंपाउंडर तरी असतील. पुढे कळलं, जावई उंदरांचे केस विंचरतात." अण्णा नोकरीला नवे असतानाच १९९४ साली बीड जिल्ह्यात मामल्याला प्लेग निघाला. त्याआधी, १९६६ नंतर, देशात माणसाला प्लेग झाल्याची पक्की नोंद नव्हती. रोग संपला असं समजून खात्यातले जाणते लोक निवृत्त होऊन घरी बसले होते. पिंजरे गंजले होते.

"मामल्याचं ऐका," अण्णा कुंपणाजवळ सरकले. "आदल्या साली ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झालेला. इकडच्याही लोकांनी धसका घेतला. घरात धान्य, माणसं बाहेर. उंदरांना रान मोकळं! निदान तेव्हा सगळे असंच म्हणायचे. ऑगस्टच्या सुरुवातीला गावकरी तक्रार घेऊन आले. कशाची असेल? तापाची नाही, उंदरांचीसुद्धा नाही. पिसवांची! घरात पिसवा फार झाल्या, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि महिना सरता सरता काखेत, जांघेत गाठ आलेले रुग्ण दिसायला लागले."

"म्हणजे पिसवांनी आधी दवंडी दिली."

"दिली, पण ती ऐकणारा पाहिजे ना. पिसवा एकदम घरभर दिसतात याचा अर्थ त्यांची घरमालकीण कुठेतरी मरून पडलीय. पिसूला उंदराचं कौतुक नसतं ताई, उबेचं असतं. अंग थंड पडायला लागलं की ती उतरली. मग जे पहिलं गरम अंग सापडेल ते तिचं."

आतून वहिनी शेंगा निवडायचं ताट घेऊनच बाहेर आल्या. "आमची आजी सांगायची ना, उंदीर पडले की गाव उठायचं. भांडीकुंडी, म्हातारीकोतारी घेऊन माळावर झोपड्या घालून राहायचं. घरात फक्त कुलूप."

"आजीला जे उमगलं होतं ते साहेबाला पटायला दहा वर्षं लागली," अण्णा म्हणाले.

इथे मला अण्णांचं म्हणणं थोडं ताणलेलं वाटलं, पण फार नाही. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. रोगाचा जंतू येर्सेंने हाँगकाँगला १८९४ मध्येच शोधला होता. मग उपाय काय झाले? गटारं धुतली, भिंतींना चुना दिला, फरशा उखडल्या, कार्बोलिकचे फवारे मारले, अंथरुणं जाळली. पुण्यात तर गोरे सोल्जर थेट माजघरात शिरले आणि त्याचं पुढे काय झालं ते आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सगळी झडाझडती जमीन, हवा, कपडे आणि माणसं यांची. पिसूच्या वाट्याला कुणी गेलं नाही. जी उडी मारून निघून जाते तिला कोण पकडणार?

"एकाने पकडली," अण्णा म्हणाले. "फ्रेंच होता. सिमों. पाश्चर संस्थेचा डॉक्टर, ९७ साली मुंबईत आलेला. त्याने दोन गोष्टी टिपल्या. एक, काही रुग्णांच्या अंगावर, बहुतेक पायाकडे, बारीकसा फोड यायचा आणि त्यात जंतू असायचे. म्हणजे काहीतरी चावलेलं. दुसरी गोष्ट अशी की नुकता मेलेला उंदीर हातात घेणारा आजारी पडायचा. पण मरून बराच वेळ झालेला उंदीर उचलणाऱ्याला काही व्हायचं नाही. जंतू तर दोन्हीकडे तेच! मग ताज्या उंदरावर असं काय असतं, जे शिळ्यावर नसतं?"

"पिसवा," वहिनी आणि मी एकदमच बोललो.

"९८ सालच्या जूनमध्ये कराचीच्या एका हॉटेलात त्याने प्रयोग मांडला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगच्या घरातला आजारी उंदीर ठेवला. पिसवा कमी पडायला नकोत, म्हणून मांजराच्या अंगावरच्या गोळा करून आत सोडल्या."

"मांजराचं काय चाललंय?" समोरच्या मावशी नेमक्या तेवढ्यात फाटकातून डोकावल्या. मावशींची मनी कॉलनीत सगळ्यांच्या घरी जेवते आणि मावशींच्या घरी फक्त झोपते, त्यामुळे मांजर म्हटलं की त्यांचे कान उभे राहतात.

"तुमच्या मनीचं नाही हो. फ्रान्सच्या माणसाने पकडलेल्या मांजराचं." अण्णांनी त्यांनाही कुंपणाशी घेतलं. "तर आजारी उंदीर अखेरच्या घटका मोजत असताना सिमोंने बरणीत जाळीचा छोटा पिंजरा सोडला. त्यात चांगला धट्टाकट्टा उंदीर. दोघांची गाठ पडू शकत नव्हती, फक्त पिसू जाळीतून जाऊ शकत होती. पहिला मेला. पाचेक दिवसांनी दुसराही मेला. त्याच्याही अंगात तेच जंतू! सिमोंने छापलं आणि लोक हसले. पिसूने एवढी माणसं मारली म्हणे!"

मावशी म्हणाल्या, "म्हणजे बिचाऱ्या मांजराला फुकटच ताप दिला."

सिमोंचं खरं ठरायला मुंबईच लागली. परळच्या प्रयोगशाळेत, जिला पुढे हाफकिनचं नाव मिळालं, ग्लेन लिस्टन नावाचे डॉक्टर होते. राणीच्या बागेतले गिनिपिग पटापट मेले. लिस्टनने तपासलं तर मेले प्लेगने, आणि अंगावर उंदराच्या पिसवा. आता गिनिपिगच्या अंगावर उंदराची पिसू काय करत होती? मग त्याने एका चाळीवर नजर ठेवली. आधी उंदीर पडले. मग उंदीर पडायचे थांबले, सगळ्यांनी हुश्श केलं. मग पिसवांनी असं हैराण केलं की लोक खोल्या सोडून व्हरांड्यात झोपायला लागले. आणि मग प्लेग. त्या चाळीतल्या माणसांच्या अंगावर ३० पिसवा सापडल्या, त्यातल्या १४ उंदराच्या होत्या. एरवी, साथ नसताना, माणसांवरच्या २४६ पिसवा तपासल्या तेव्हा उंदराची निघाली होती अवघी एक. मला या सगळ्या प्रकरणात हा हिशेब सगळ्यात आवडतो. यंत्र नाही, लस नाही, नुसतं मोजलेलं.

"पुढे प्लेग कमिशनने तर कमालच केली," अण्णा सांगत होते. "गिनिपिगचे पिंजरे प्लेगच्या खोलीत टांगले. जमिनीजवळचा गिनिपिग मेला. दोन फुटांवर टांगलेला वाचला."

"का?"

"पिसूची उडी तेवढी नाही. पाच-सहा इंच म्हणजे तिची शर्थ झाली."

"म्हणून आजी बाजेवर झोप म्हणायची," मावशी म्हणाल्या. बाजेचे पाय चढता येतात हे अण्णांनी सांगितलं नाही. मावशींचं म्हणणं सहसा कुणी खोडत नाही.

मग मी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी अण्णा वाटच बघत असावेत. पिसू आजारी उंदराचं रक्त पिते, मान्य. पण मग दुसऱ्याला रोग देते कशी? डासाच्या थुंकीतून मलेरिया जातो तसं?

"नाही, नाही. इथेच तर गंमत आहे." अण्णांनी वहिनींच्या ताटातली एक शेंग उचलली आणि तिच्या देठाकडचं टोक दोन बोटांत धरलं. "ही पिसूची अन्ननळी समजा. पुढे पोट. मधे एक झडप, आतून काटेकाटे असलेली, प्यायलेलं रक्त मागे फिरू नये म्हणून. प्लेगचे जंतू त्या काट्यांवर चिकटतात, वाढतात, बुळबुळीत थर धरतात. थराचा बोळा होतो आणि वाट बंद. लंडनमध्ये बेकट आणि मार्टिन या दोघांनी १९१४ मध्ये हे पिसवा फाडून दाखवलं. आता ती पिसू रक्त ओढते, पण पोटात एक थेंब जात नाही. ओढलेलं रक्त बोळ्यावर आपटतं आणि जंतू घेऊन चावलेल्या जागीच परत येतं. भूक तशीच. म्हणून पुन्हा चावते. पुन्हा तेच. एकाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला."

"आणि तिचं काय होतं?"

"मरते. दोन-चार दिवसांत, भुकेने आणि तहानेने."

क्षणभर कुणी बोललं नाही. पिसूची कीव येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मावशी मात्र व्यवहारी. "म्हणजे उंदीर मेला, पिसू मेली, माणूस मेला. मग फायदा कुणाचा?"

"जंतूचा. तोही बोळा बसला तर. सगळ्या पिसवांत बसत नाही. गरमी वाढली, अठ्ठावीस अंशांच्या पुढे गेली, की बोळा नीट धरत नाही. मुंबईत साथ थंडीत चढायची आणि मेमध्ये उतरायची. लोक म्हणायचे, उन्हाने हवा शुद्ध झाली. बोळा सुटला एवढंच." नंतर अण्णांनी प्रामाणिकपणे असंही सांगितलं की अमेरिकेतल्या खारींची एक पिसू बोळ्याची वाटच पाहत नाही. आजारी प्राण्याला चावल्यावर पहिले काही दिवसच ती रोग देऊन मोकळी होते. म्हणजे बोळ्याचं पुराण सगळ्या जगाला लागू नाही. पण हे सांगताना त्यांचा आवाज थोडा उतरला होता. त्यांचा जीव बोळ्यावरच आहे.

आता उंदरांच्या पिसवासुद्धा सगळ्या एका घरच्या नव्हेत. मुंबई-पुण्याच्या घरातली, ती चिऑपिस. रॉथशील्ड नावाच्या इंग्रज सावकाराच्या मुलाने सुदानमध्ये पकडून १९०३ मध्ये तिचं नाव ठेवलं. कोट्यधीश घराणं, आणि हा गडी पिसवा जमवत बसलेला. पुढे त्याची मुलगी मिरियमही पिसवांतच रमली. दुसरी अस्टिया. ती बोळ्याच्या बाबतीत जरा आळशी. कोलंबोत हर्स्ट नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की मद्रासेकडे अस्टियाच जास्त आणि प्लेगही तिकडे फारसा फिरकला नाही. "एकाच देशात, तेच उंदीर, तोच जंतू," अण्णा म्हणाले, "आणि फरक कुठे, तर पिसूच्या जातीत."

मी म्हटलं, "म्हणजे घरातला उंदीर संपवला की विषय संपला?"

"अजिबात नाही. घरातला उंदीर नंतर सापडलेला. प्लेगचं खरं बिऱ्हाड माळावर." आणि मग अण्णांनी ते सांगितलं, ज्याची त्यांना खरी माहिती होती, कारण ते पोटावर पडून बिळात हात घालून आलेले आहेत.

आपल्याकडे बिऱ्हाडाचा मालक जर्बिल. पिवळसर पाठ, पांढरं पोट, लांब शेपूट आणि टोकाला काळ्या केसांचा झुपका. बांधावर, पडीकात बिळं. बाहेर भर दुपारी पाय पोळतो, पण बिळाच्या पोटात गारवा आणि दमटपणा. पिसूचा निम्मा संसार तिथे चालतो. जनावराच्या अंगावर ती फक्त जेवायला येते. अंडी घसरून बिळात पडतात. अळ्या पांढऱ्या, दोऱ्यासारख्या, बिळातल्या केरावर आणि मोठ्या पिसवांनी टाकलेल्या वाळल्या रक्तावर जगतात. मग मातीत कोश. कोशातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. जमीन हादरली, उबदार श्वास जाणवला, की बाहेर.

"आम्ही तारेच्या टोकाला फ्लॅनेलचा तुकडा बांधायचो," अण्णा हाताने दाखवत होते, "आणि हळूहळू बिळात सरकवायचो. फ्लॅनेल ओढून काढला की पांढऱ्या कापडावर काळे ठिपके. ठिपका हलला की ओल्या ब्रशने उचलायचा, थेट अल्कोहोलमध्ये. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराला क्लोरोफॉर्म द्यायचा, इनॅमलच्या पांढऱ्या ट्रेवर धरायचा आणि बारीक फणीने केस उलटे विंचरायचे. टपटप पिसवा. मग मोजायच्या. उंदरामागे चिऑपिस एकाहून जास्त निघाली की कागदावर लाल खूण."

"आणि घरी येऊन म्हणायचे, चहा टाक," वहिनी म्हणाल्या. "मी आधी सगळे कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे. मग चहा."

बिळात रोग टिकतो कसा, हे अण्णांनी एका वाक्यात सांगितलं आणि मला ते पटलं. सगळे जर्बिल मेले तर जंतूही गेला, आणि एकही आजारी पडला नाही तरी गेला. काही मरतात, काही तगतात, आणि मधल्या काळात पिसवा जंतू सांभाळून बसतात. कझाकस्तानात मोठे जर्बिल आहेत, मैलोन्‌मैल वसाहती. तिथे वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी दाखवलं की जर्बिलांची दाटी ठराविक मर्यादेच्या वर गेल्याशिवाय साथ पेटतच नाही. वसंतात ऊब आणि उन्हाळ्यात पाऊस झाला की पिसवाही वाढतात आणि रोगही. या सगळ्यात माणूस कुठे? कुठेच नाही. तो त्या गावचाच नाही. शिकारी, गुराखी, नाहीतर भूकंपाने घर सोडलेला कुणी मधे येतो, एवढंच. २००२ मध्ये शिमल्याकडे हाटकोटीला एकाने रानमांजर मारून त्याची कातडी सोलली. पिसूचीही गरज पडली नाही. ताप फुप्फुसात उतरला आणि घरच्यांना, दवाखान्यात शेजारी असलेल्यांना लागला. चौघे गेले.

मावशींनी इथे मनीला उचलून कडेवर घेतलं.

"तुमच्या मनीला घाबरू नका," अण्णांनी धीर दिला. "मांजराची पिसू प्लेगला फार कामाची नाही. आणि आपल्या गोदामात प्लेग आहे असं मी म्हणतच नाहीये. पण उंदराच्या पिसवेने टायफसही होतो. त्याचा ताप आपल्याकडे नवा नाही. म्हणून म्हणतो, क्रम पाळा. आधी बिळाच्या तोंडाशी, उंदरांच्या वाटेवर पिसवांची पावडर. दोन-चार दिवस जाऊ द्या. मग उंदरांना काय घालायचं ते घाला. ९४ साली आम्ही हेच करत होतो. तेव्हा बीएचसी उडवायचो, आता ती बंद झाली, पण क्रम तोच."

"आणि सुरत?" मी विचारलं. कारण ९४ म्हटलं की बीड कुणाला आठवत नाही, सुरतच आठवते.

"सुरतेला फुप्फुसाचा प्रकार. तिथे पिसू मागे पडली, खोकला पुढे आला. लाखो माणसं टेट्रासायक्लिनच्या गोळ्या खिशात घालून स्टेशनवर." अण्णांनी तो विषय तिथेच सोडला. तो त्यांचा नव्हता.

त्यांचा विषय होता बिळं, आणि मनात अजून अमेरिकेची बिळं उरली होती. जहाजातून १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोला प्लेग उतरला आणि बंदरातून रानात शिरला. तिथे प्रेअरी डॉग नावाचे खारीच्या कुळातले प्राणी असतात, माळावर मोठमोठ्या वसाहती करून राहतात. रोग शिरला की अख्खी वसाहत गप्प होते. त्यांच्यावर जगणारं काळ्या पायांचं फेरेट नावाचं मुंगसासारखं जनावर त्यामुळेही जवळजवळ नामशेष झालं. ते वाचवायला तिथले लोक आता एकेका बिळात पिसवांची पावडर फुंकतात.

"पगार देऊन?" वहिनींनी विचारलं.

"पगार देऊन. आणि आता लसही काढलीय. तोंडावाटे. माळावर गोळ्या टाकतात, प्रेअरी डॉग खातात. खावं म्हणून गोळीला पीनट बटरची चव."

"कशाची?"

"दाण्याच्या लोण्याची."

वहिनींनी ताटातल्या शेंगांकडे पाहिलं. "माळावरच्या जनावराला दाण्याचं लोणी. इथं दाणे काय भावाने मिळतात माहितीये का त्यांना? गेल्या आठवड्यात वाण्याने मला..." आणि मग मावशींनी मनीला खाली सोडलं, कारण वाण्याचं नाव निघालं होतं आणि त्यांनाही त्याच वाण्याबद्दल बरंच बोलायचं होतं.